ताठ कणा, तिरकी जमीन

गोल्फ शिकवणारे यच्चयावत मास्तर सपाट जमिनीवर शिकवतात. ड्रायव्हिंग रेंज नावाचा एक प्रकार असतो. सिमेंटचा ओटा, ओट्यावर हिरवी प्लास्टिकची चटई, चटईत खोचलेली रबराची टी आणि तिच्यावर चेंडू. पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे सैल सोडा, कमरेतून वाका, डोकं हलवू नका. काही महिन्यांनी चेंडू सरळ जायला लागतो. मग नवशिका एकदा बायकोला घेऊन जातो. ती दोन फटके बघते, "छान" म्हणते आणि व्हॉट्सॲप उघडते. पुढच्या रविवारी हा गृहस्थ खऱ्या कोर्सवर जातो, पहिला फटका मारतो, ऐटीत चालत चेंडूपाशी पोचतो आणि बघतो तर डावा पाय उजव्यापेक्षा वीतभर उंचावर. हा धडा चटईवर झालाच नव्हता.

त्यानंतरच्या चार तासांत सपाट जमीन त्याला दोनच ठिकाणी भेटते. एक टीवर, कारण ती जागा मुद्दाम सपाट करून बांधलेली असते. दुसरी क्लबहाउसच्या बारमध्ये. मधलं सगळं तिरकं.

दोष कोणाचा म्हणाल तर स्कॉटलंडचा. समुद्रकाठची वाळू, तिच्यावर वाऱ्याने रचलेले उंचवटे आणि वर खुरटं गवत, अशा शेतीला निकामी जमिनीवर हा खेळ वाढला. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कोर्सवर १७६४ साली बावीस होलची अठरा केली गेली, उंचवट्यांना मात्र कोणी हात लावला नाही. त्याआधी वीस वर्षं, १७४४ साली, लीथच्या सभ्य गृहस्थांनी खेळाचे १३ नियम लिहून काढले. ग्रीन सोडून इतरत्र दगड, हाडं किंवा मोडक्या काठ्या आड आल्या तरी उचलायच्या नाहीत, असं त्यांत एक कलम आहे. हाडं कोणाची, याचा खुलासा नाही. ज्या मंडळींनी वाटेतलं हाड उचलायची मुभा दिली नाही, ती उताराबद्दल काय सूट देणार? चेंडू जिथे पडेल तिथून आणि जसा पडेल तसा मारायचा, हे तत्त्व अजूनही कायम आहे.

मग पायाखाली काहीतरी घालून उंची सारखी करावी, असं कोणाही व्यवहारी माणसाच्या मनात येणारच. आमच्या चौकडीतल्या मॅनेजरसाहेबांनी एकदा छानसा चपटा दगड हेरलाही होता. पण नियमात याला 'स्टान्स बांधणं' म्हणतात आणि त्याला दंड आहे. १९८७ साली सॅन डिएगोच्या टॉरी पाइन्स कोर्सवर क्रेग स्टॅडलर या व्यावसायिक खेळाडूचा चेंडू एका झाडाखाली गेला. फटका गुडघ्यांवर बसून मारावा लागणार होता. पँट मळेल म्हणून त्याने खाली टॉवेल अंथरला. दुसऱ्या दिवशी ते दृश्य टीव्हीवर पाहून प्रेक्षकांनी फोन लावले आणि स्टॅडलर स्पर्धेतून बाद झाला. घरी बसून परक्याची चूक शोधणारी आणि ती ताबडतोब वरपर्यंत कळवणारी माणसं फक्त पुण्यातच असतात, हा माझा समज त्या दिवशी गेला. १९९५ साली ते झाड काढायची वेळ आली तेव्हा करवत चालवायला खास स्टॅडलरलाच बोलावलं होतं. इतक्या समाधानाने झाड तोडणारा माणूस वनखात्यालाही सापडणार नाही.

पण उताराची खरी अडचण नियमात नाही, ती कण्यात आहे. 'मोडेन पण वाकणार नाही' हे बाळकडू प्यायलेल्या माणसाने उतारावर गोल्फ खेळूच नये. जमीन तिरकी झाली तरी शरीर आपोआप सरळ उभं राहतं. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा जन्मभर तेच काम करत आलेली असते, म्हणून तर आपण टेकडीवरून गडगडत नाही. मास्तर मात्र सांगतो, खांदे उताराला समांतर ठेवा. म्हणजे जमीन जिकडे झुकली, तिकडे तुम्हीही झुका. आमचे कर्नलसाहेब हे ऐकून पहिल्यांदा दुखावलेच होते. सगळी नोकरी सावधानमध्ये काढलेली. उताराशी असं जुळवून घेणं त्यांना शरणागतीच्या तहासारखं वाटलं. ते आजही उतारावर झेंडावंदनाला उभे राहतात, आणि त्यांचा क्लब चेंडूच्या आधी जमिनीत घुसतो.

उतार चार जातींचे. समोर चढ, समोर उतार, चेंडू पायांपेक्षा वर आणि चेंडू पायांपेक्षा खाली. प्रत्यक्षात यातल्या दोन जाती एकाच वेळी भेटतात, पण हे पुस्तकं लिहिणाऱ्यांना कळवू नये, पुस्तकं आणखी जाड होतील.

समोर चढ असेल तर चेंडू उंच जातो आणि लवकर पडतो. प्रत्येक आयर्नच्या पात्याला ठरावीक कल असतो आणि एका नंबरपासून पुढच्या नंबरपर्यंत तो साधारण चार अंशांनी वाढतो. चार अंशांच्या चढावर तुम्ही चढाला धरून उभे राहिलात की हातातलं सात नंबरचं आयर्न आठ नंबरचं होऊन बसतं. म्हणून सहा काढायचं. समोर उतार असेल तर सगळं उलट. सात नंबर सहासारखं वागतं, चेंडू बुटका जातो आणि जमिनीला लागला की पळत सुटतो. तिथे आठ किंवा नऊ.

यातला पहिला अर्धा भाग मॅनेजरसाहेबांना सांगावाच लागला नाही. बँकेतली त्यांची उमेदीची वर्षं महाडच्या शाखेत गेली. दर शनिवारी ते प्रीमियर पद्मिनीने वरंध घाट चढून भोरमार्गे पुण्याला यायचे. चढ आला की गिअरचा नंबर खाली, तसाच क्लबचा नंबर खाली, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. घोळ झाला उतारावर. कारण घाटाचा दुसरा धडाही त्यांना तितकाच पाठ होता: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. समोर चांगला घसरता उतार, खाली ग्रीन, आणि साहेबांनी सहा नंबर काढलं.

"साहेब, नऊ घ्या," कॅडी म्हणाले.

"मामा, न्यूट्रलमध्ये घाट उतरायला सांगताय मला?"

चेंडू कमरेएवढ्या उंचीवरून गेला, ग्रीनच्या अलीकडे टेकला, ग्रीन आडवी पार केली, मागच्या बंकरला वळसा घालून बग्गीच्या डांबरी रस्त्यावर पोचला आणि टप्पे घेत दिसेनासा झाला.

"ब्रेक लागला नाय," मामा म्हणाले.

या मामांबद्दल सांगायला हवं. पुण्याच्या पश्चिमेला मुळशीच्या अंगाला टेकड्यांवर आम्ही खेळतो, आणि मामांचं गाव त्याच टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. गावात त्यांची भाताची खाचरं आहेत. पावसाळ्यात ते फारसे येत नाहीत, लावणी असते. एरवी खांद्यावर दुसऱ्याची बॅग आणि हातात कोणाचा तरी पटर घेऊन ते आमच्या पुढे चालतात आणि चेंडूपाशी पोचल्यावर चेंडूकडे बघतच नाहीत. दोन पावलं बाजूला होऊन जमिनीकडे बघतात. डोळे बारीक करतात. मग चपलेच्या टाचेने गवत दाबून बघतात. कोर्सवर बूट घालायची सक्ती आहे, पण ती मामांना सांगायची कोणाची छाती नाही.

चेंडू पायांपेक्षा वर असला, म्हणजे आपण उताराच्या खालच्या अंगाला उभे, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. क्लब थोडा आखूड धरायचा, नेम उजवीकडे घ्यायचा. पात्याला जितका कल जास्त तितका चेंडू जास्त डावीकडे, त्यामुळे छोट्या अंतराचा वेज हातात असला की धोका मोठा. ही गोष्ट कोणाच्या लक्षात राहत नाही. माणूस म्हणतो, ग्रीन तर इथेच आहे, पन्नास यार्डांवर, आणि चेंडू शेजारच्या होलवर खेळणाऱ्या अनोळखी कुटुंबात जाऊन पडतो. मग "फोर!" असं ओरडायचं. ते नेहमी चेंडू पोचल्यावर ओरडलं जातं.

चेंडू पायांपेक्षा खाली असला तर तो उजवीकडे जातो, ज्याला स्लाइस म्हणतात. पण त्याआधी त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, हा प्रश्न असतो. पुस्तक म्हणतं, गुडघे जास्त वाकवा आणि फटका पुरा होईपर्यंत तसेच राहा. पुस्तक लिहिणाऱ्याने आमचा क्लब पाहिलेला नाही. इथे निम्म्या सभासदांच्या गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या आहेत आणि उरलेल्या निम्म्यांची तारीख ठरलेली आहे. जेवायला मांडी घालून बसणं सुटलं, उकिडवं बसणं त्याच्याही आधी सुटलं, आणि आता इतक्या वर्षांनी एका स्कॉटिश खेळाने आठवण करून दिली की कमरेखाली दोन सांधे असतात. मॅनेजरसाहेब वाकतात खरे, पण क्लब खाली येता येता ते हळूहळू उभे राहू लागतात आणि चेंडूच्या डोक्याला निसटता टोला बसून तो चार पावलं सरपटतो. फटक्याआधी त्यांच्या गुडघ्यांचा जो आवाज येतो, तो शेजारच्या फेअरवेवर ऐकू जातो. एकदा तिथला माणूस फटका मारता मारता थांबला होता.

यात त्यांचा दोष कमी. २०२१ साली मोटार अपघातात पायाचा चुराडा झालेला टायगर वुड्स चौदा महिन्यांनी ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेत उतरला, तेव्हा त्याचंही म्हणणं हेच होतं की फटके मारण्याची अडचण नाही, अडचण चालण्याची आहे. ऑगस्टाचे चढउतार चालण्यापलीकडचे आहेत, आणि तिथे स्पर्धेत बग्गी मिळत नाही.

ऑगस्टा टीव्हीवर दिसतं ते बिलियर्डच्या टेबलासारखं, हिरवंगार आणि गुळगुळीत. कॅमेरा उतार खाऊन टाकतो. तिथला दहावा होल टीपासून ग्रीनपर्यंत शंभरेक फूट खाली उतरतो, आणि आपण सोफ्यावर बसून म्हणतो, एवढं सोपं कसं चुकला. तेराव्या होलचा फेअरवे उजवीकडून डावीकडे कललेला. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू तिथे पायांपेक्षा वर असतो, म्हणजे तो डावीकडे वळायला टपलेला, आणि ग्रीनच्या पुढ्यात ओढा. हा कोर्स बॉबी जोन्सबरोबर ज्याने आखला तो अॅलिस्टर मॅकेंझी मुळात डॉक्टर. बोअर युद्धात तो ब्रिटिश सैन्याबरोबर होता आणि तिथे त्याने बोअर शेतकऱ्यांची जमिनीत बेमालूम दडण्याची कला पाहिली. पुढे तीच विद्या त्याने बंकर आणि उतार लपवायला वापरली. रुग्णांना बरं करण्यापेक्षा धडधाकट लोकांना आजारी पाडण्यात त्याला जास्त यश आलं असं म्हणायला हरकत नाही.

उतार न्यायाने वागतो अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. १९९२ साली मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी फ्रेड कपल्सचा चेंडू बाराव्या होलवर ओढ्याच्या उतरत्या काठावर पडला. तिथे पडलेला चेंडू पाण्यात जायचा असतो. तो गवताच्या चार काड्यांना धरून थांबला. कपल्सने पार केला आणि स्पर्धा जिंकली. उलट २०१९ साली फीनिक्सला रिकी फाउलरचा चेंडू पाण्यात गेला. दंड घेऊन त्याने नियमाप्रमाणे नवा चेंडू उतारावर ठेवला, तो स्थिर झाल्याची खात्री केली आणि ग्रीन बघायला वर चालत गेला. पाठ वळल्यावर चेंडू कोणाच्या अध्यात ना मध्यात नसताना गडगडत पुन्हा पाण्यात गेला. फाउलरने त्याला हातही लावला नव्हता, तरी आणखी एक दंड. स्पर्धा शेवटी त्यानेच जिंकली, पण २०२३ साली नियम बदलला. आता असा चेंडू उचलून फुकटात परत जागेवर ठेवता येतो. सरकारी यंत्रणेच्या मानाने एवढी जाग चार वर्षांत येणं मला तरी वेगवान वाटतं.

कर्नलसाहेबांना हे सगळं किरकोळ वाटतं. ते एकेकाळी शिमल्याकडे होते आणि नालदेऱ्याला खेळलेले आहेत, देवदारांच्या रानात, डोंगराच्या अंगावर. उताराचा विषय निघाला की नालदेरा येतं, आणि नालदेरा आलं की लॉर्ड कर्झन येतो. व्हाइसरॉय कर्झनला ती जागा इतकी आवडली की तिथे त्याने गोल्फ कोर्स आखवला आणि १९०४ साली झालेल्या मुलीचं नाव अलेक्झांड्रा नालदेरा ठेवलं. बंगाल कापायला निघालेल्या माणसाला एवढा हळवा कोपरा असावा, याचं कर्नलसाहेबांना कौतुक वाटतं. त्या मुलीला घरात सगळे 'बाबा' म्हणत, हे मी सांगितलं तेव्हा मात्र ते गप्प झाले. गोल्फ कोर्सचं नाव लावलेली मुलगी त्यांना चालली होती, तिला बाबा म्हणणं पटेना.

आमच्या चौकडीतले चौथे दंतवैद्य, आणि ते डावखुरे. त्यामुळे वर सांगितलेलं सगळं त्यांना उलटं. पुस्तकात 'डावीकडे' असेल तिथे 'उजवीकडे' वाचायचं, आणि मग आपण एकदा उलटवलंय की दोनदा, हे आठवायचं. दवाखान्यात आरशात बघून दात कोरायची सवय असल्याने त्यांना हे जमतं असं ते सांगतात. त्यांच्याकडे दात दाखवायला गेलेल्यांपैकी कोणी हे ऐकून खूश झालेलं मी पाहिलं नाही.

परवा शेवटच्या होलवर त्यांचा आणि मॅनेजरसाहेबांचा चेंडू एकाच उतारावर, हातभर अंतराने पडले होते. फेअरवे उजवीकडे उंच, डावीकडे उतरता. पैज मिसळीची. मॅनेजरसाहेबांचा चेंडू त्यांच्या पायांपेक्षा वर, डॉक्टरांचा त्यांच्या पायांपेक्षा खाली, कारण ते पलीकडच्या अंगाला उभे. दोघांचं शास्त्र वेगळं, तेव्हा वाद सुरू झाला. मॅनेजरसाहेब म्हणाले, माझा डावीकडे जाणार. डॉक्टर म्हणाले, माझी स्लाइस होणार, म्हणजे उजव्याची उजवीकडे, म्हणजे माझी डावीकडे, की मी उलटं सांगतोय? कर्नलसाहेबांनी वहीत आकृती काढायला घेतली. मागची चौकडी कमरेवर हात ठेवून उभी.

मामांनी बॅग खाली ठेवली.

"आखाडात हितं पाणी कुठनं जातं?" त्यांनी विचारलं.

तिघांनीही डावीकडे, खाली बोट दाखवलं.

"मग? चेंडू तिकडंच जाणार. डावा मारू दे नायतर उजवा. दोघं बी त्या आंब्यावर मारा."

आंबा ग्रीनच्या बराच उजवीकडे होता. पुस्तक काढून पडताळलं असतं तरी उत्तर हेच निघालं असतं: उजव्याचा चेंडू पायांपेक्षा वर म्हणून डावीकडे, डावखुऱ्याचा खाली म्हणून डावीकडे. दोन वेगळी प्रकरणं वाचून एकच नेम. पण तीस-चाळीस पानं आणि महागडा मास्तर यांच्या जागी आषाढातलं पाणी एवढं पुरतं, हे मॅनेजरसाहेबांच्या पचनी पडायला वेळ लागला.

डॉक्टरांनी आंब्यावर नेम धरला. चेंडू आंब्याकडे निघाला, वाटेत बेत बदलल्यासारखा डावीकडे वळला आणि ग्रीनवर जाऊन बसला. मॅनेजरसाहेबांनीही आंब्यावर नेम धरला, पण आयत्या वेळी त्यांच्यातला घाटमाथ्याचा ड्रायव्हर जागा झाला आणि त्यांनी हात आवळून, मनगटं घट्ट धरून चेंडू सरळ रेषेत ठोकला. तो आंब्याच्या खोडावर आदळला.

"मामा, वळला नाही!"

"पाणी वळलं असतं, साहेब."

मिसळ मॅनेजरसाहेबांनी खिलवली. त्या हॉटेलात एका मिसळीबरोबर दोनच स्लाइस येतात, तिसरीचे पैसे वेगळे. डॉक्टरांनी तिसरी मागितली तशी मॅनेजरसाहेबांनी बिल त्यांच्याकडे सरकवलं. "तुमची स्लाइस तुम्ही मारलीत, पैसे तुम्हीच द्या," ते म्हणाले. कर्नलसाहेबांच्या मते पैजेत स्लाइसचा उल्लेख नव्हता, तेव्हा मूळ कराराप्रमाणे फक्त रस्सा आणि फरसाण. मामा बाहेर पायरीवर बसून चहा पीत होते. त्यांना विचारायला पाठवलेला पोऱ्या परत आला आणि म्हणाला, "मामा म्हणत्यात, आधी माझी टिप द्या."